जेलीफिनची फोल्डरवरची पाळत: दीड वर्षाच्या वापरानंतर

जेलीफिन हा घरच्या घरी चालवायचा मुक्त माध्यम-सर्व्हर मी गेली दीड वर्षे वापरत आहे. त्याच्याविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, तरी हे परीक्षण मी मुद्दाम एकाच सोयीपुरते ठेवले आहे. संग्रहाच्या फोल्डरमध्ये नवी फाईल पडली की सर्व्हरने ती आपणहून ओळखावी आणि कोणी बटण न दाबता दिवाणखान्यातल्या टीव्हीवर मांडावी, ही ती सोय. माझे मत आधीच सांगून टाकतो: ज्या संगणकावर सर्व्हर चालतो त्याच संगणकाच्या हातून फाईल डिस्कवर लिहिली जात असेल, तर ही सोय उत्तम चालते. फाईल दुसऱ्याच यंत्राच्या हातून लिहिली जात असेल, तर तिच्यावर एक दिवसही विसंबून राहू नये. एवढी साधी गोष्ट मला कळायला तीन महिने लागले, आणि त्या तीन महिन्यांत मी दोष जवळजवळ प्रत्येक वेळी चुकीच्या जागी शोधत होतो.

थोडी पार्श्वभूमी. एम्बी या सर्व्हरने आपला कोड बंद केल्यावर २०१८ च्या डिसेंबरमध्ये त्याच्या शेवटच्या खुल्या आवृत्तीवरून जेलीफिन हा प्रकल्प वेगळा झाला. तो स्वयंसेवक चालवतात, त्याला पैसे पडत नाहीत आणि कोणत्याही कंपनीच्या केंद्रीय खात्यात नाव नोंदवावे लागत नाही. मी तो कल्याणच्या घरी एका जुन्या डेस्कटॉपवर, डेबियन या लिनक्सच्या प्रकारावर चालवतो. संग्रहात विकत घेतलेल्या डीव्हीडींच्या प्रती आहेत, वडिलांनी कॅसेटवर उतरवून घेतलेली कीर्तने आहेत, मिनी-डीव्ही टेपांवरून संगणकावर आणलेली लग्नकार्ये आहेत, आणि सर्वांत मोठा भाग म्हणजे दिवसागणिक एक फोल्डर अशा पद्धतीने लावलेले वीसएक वर्षांचे फोटो आणि फोनवरचे व्हिडिओ. हा शेवटचा भाग रोज वाढतो. म्हणूनच आपोआप भर पडण्याची सोय माझ्या दृष्टीने चैनीची नाही. ती नसेल तर घरातले इतर लोक सर्व्हर उघडायचेच सोडून देतात.

सोय चालू करणे अगदी सोपे आहे. नियंत्रण-पटलावर एखादा संग्रह संपादनासाठी उघडला की त्यात रिअल टाइम मॉनिटरिंगची एक चौकट दिसते, तिच्यात खूण करायची आणि जतन करायचे. खाली बारीक अक्षरांत लिहिलेले असते की ज्या फाईल-सिस्टिमवर हे शक्य आहे तिथे बदलांची दखल लगेच घेतली जाईल. त्या वाक्यातले ‘जिथे शक्य आहे तिथे’ हे शब्द मी पहिल्या दिवशी वाचले आणि विसरलो. माझी या सोयीविषयीची मुख्य तक्रार तिथेच आहे, कारण सगळी मेख त्या चार शब्दांत आहे आणि ते चार शब्द इतक्या सौम्यपणे लिहिलेले आहेत की वाचणाऱ्याला ती औपचारिकता वाटावी.

सुरुवातीची मांडणी अशी होती की फाईली एका दोन डिस्कांच्या नॅसवर, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या पेटीवर होत्या आणि जेलीफिन डेस्कटॉपवर होता. नॅसचे फोल्डर एनएफएस या नेटवर्कवरून फोल्डर जोडण्याच्या पद्धतीने डेस्कटॉपवर जोडलेले होते, त्यामुळे सर्व्हरच्या दृष्टीने ते इतर फोल्डरांसारखेच दिसत. पहिल्या दिवशी संपूर्ण संग्रह वाचला गेला, चित्रे आली, नावे आली, आणि मी खूश होतो. त्यानंतर बायकोने फोनवरून नॅसवर टाकलेला भाचीच्या बारशाचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत दिसला नाही. हाताने ‘संग्रह पुन्हा तपासा’ असे सांगितल्यावर तो लगेच आला. मी सर्व्हर बंद करून चालू केला, चौकटीतली खूण काढून पुन्हा केली, संग्रह पुसून नव्याने बांधला, एकदा तर सगळा जेलीफिन काढून पुन्हा बसवला. पालथ्या घड्यावर पाणी. आणखी गोंधळात टाकणारी गोष्ट अशी की कधीकधी व्हिडिओ आपोआप येतही असे. ते का येत असे, याचे उत्तर पुढे कळले: जेलीफिन नव्याने बसवल्यावर दर १२ तासांनी संग्रह तपासण्याचे एक काम त्याच्या वेळापत्रकात आधीपासून असते. सकाळी टाकलेली फाईल त्या फेरीत सापडली की मला वाटे पाळत चालते आहे. दुपारी टाकलेली न सापडली की वाटे बिघडली आहे. चालत होती ती पाळत नव्हतीच, ती ठरल्या वेळची गस्त होती.

पाळतीचे खरे काम जेलीफिन करतच नाही, हे समजून घेणे इथे आवश्यक आहे. लिनक्सवर हे काम कर्नलमधली, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातली, आयनोटिफाय नावाची यंत्रणा करते. ती २००५ साली कर्नलच्या २.६.१३ या आवृत्तीत आली. एखाद्या प्रोग्रॅमने ‘या फोल्डरवर लक्ष ठेव’ असे सांगितले की कर्नल त्या फोल्डरवर एक वॉच बसवते आणि तिथे फाईल तयार झाली, लिहून बंद झाली, सरकवली गेली किंवा पुसली गेली की त्या प्रोग्रॅमला चिठ्ठी पाठवते. यात दोन गोष्टी कळीच्या आहेत. एक, वॉच त्या एका फोल्डरपुरता असतो. आतल्या प्रत्येक उपफोल्डरवर वेगळा बसवावा लागतो. दोन, कर्नल फक्त आपल्या स्वतःच्या हातून झालेल्या बदलांची चिठ्ठी पाठवू शकते. सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमन फाटकातून आलेल्या माणसाची नोंद वहीत करील. मागच्या भिंतीवरून कोणी आत आला तर वही कोरीच राहणार, आणि त्यात वॉचमनचा दोष नाही.

हे डोळ्यांनी पाहण्याची एक सोपी रीत आहे आणि असा घोळ झालेल्या प्रत्येकाने सर्वांत आधी ती करावी, असे मी आग्रहाने सांगेन. आयनोटिफाय-टूल्स नावाचे छोटे पॅकेज बसवले की आयनोटिफायवेट ही आज्ञा मिळते. ती सर्व्हरच्या संगणकावर संग्रहाच्या फोल्डरवर सतत चालू राहील अशी लावायची आणि शेजारी दुसरी खिडकी उघडायची. दुसऱ्या खिडकीत त्याच फोल्डरात टच आज्ञेने एक रिकामी फाईल तयार केली की पहिल्या खिडकीत चार ओळी पटापट उमटतात: तयार झाली, उघडली, गुणधर्म बदलले, लिहून बंद झाली. माझ्याकडे त्या चार ओळी बरोबर उमटल्या. मग मी उठून आतल्या खोलीतल्या लॅपटॉपवरून तसलीच एक फाईल थेट नॅसवर टाकली आणि परत येऊन पाहिले. नवी ओळ नव्हती. फोल्डरातल्या फाईलींची यादी मागवली तर फाईल तिथे होती, तिचा आकार बरोबर होता, ती उघडतही होती. पण पाळतीच्या खिडकीत त्या चार ओळींखाली कर्सर तसाच लुकलुकत होता. तीन महिन्यांचा प्रश्न दहा मिनिटांत सुटला, आणि या कसोटीत जेलीफिनचा कुठे संबंधही आला नव्हता.

कारण उघड आहे. लॅपटॉपने लिहिलेली फाईल नॅसच्या कर्नलच्या हातून डिस्कवर गेली. सर्व्हरच्या कर्नलला ती यादी मागितल्यावर दिसली, पण घडताना दिसली नाही. एनएफएसचे जसे, तसेच सांबाने, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने नेटवर्कवर खुल्या केलेल्या आणि लिनक्सवर जोडलेल्या फोल्डरांचे, आणि इंटरनेटवरची साठवण आरक्लोन या साधनाने फोल्डरासारखी जोडली तर तिचेही. विंडोजवर चालणाऱ्या सर्व्हरची गोष्ट थोडी निराळी आहे. सांबा ज्या प्रोटोकॉलवर चालते त्यात बदल कळवण्याची तरतूद आहे आणि विंडोज ती वापरते, म्हणून तिकडे नेटवर्कवरच्या फोल्डरातले बदलही बहुधा कळतात. एखादा मित्र ‘माझ्याकडे तर व्यवस्थित चालते’ असे म्हणतो तेव्हा आधी त्याचा सर्व्हर कशावर आहे ते विचारावे. विंडोजवर डॉकर (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवण्याचे साधन) चालवणाऱ्यांची मात्र आगीतून फुफाट्यात अशी गत होते, कारण डॉकर आतून लिनक्स चालवते आणि विंडोजच्या ड्राइव्हवरचे बदल त्या लिनक्सपर्यंत चिठ्ठी होऊन पोहोचत नाहीत.

जेलीफिनच्या दस्तऐवजात यावर मर्जरएफएससारखी एकत्रित फाईल-सिस्टिम मध्ये घालण्याचा उपाय सुचवलेला आहे. तो ज्या घरी सर्व लिखाण त्याच मर्जरएफएसच्या वाटेने होते तिथे उपयोगी पडतो. ज्या घरी फोन आणि लॅपटॉप परस्पर नॅसवर लिहितात तिथे मागची भिंत तशीच उघडी राहते, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

मी केले ते असे: डिस्क सरळ डेस्कटॉपला जोडल्या, आणि घरातल्या इतरांसाठी डेस्कटॉपवरूनच सांबाने ते फोल्डर खुले केले. नॅस आता फक्त रात्रीची प्रत ठेवण्यापुरता आहे. फोनवरून येणारा व्हिडिओ अजूनही नेटवर्कवरूनच येतो, पण तो डिस्कवर उतरवण्याचे काम डेस्कटॉपवरची सांबा करते. म्हणजे लिखाण सर्व्हरच्याच कर्नलच्या हातून होते आणि चिठ्ठी निघते. ज्यांचा नॅस पुरेसा दमदार आहे त्यांनी याच्या उलट करावे आणि जेलीफिनच नॅसवर बसवावा, परिणाम तोच. सर्व्हर एकीकडे आणि डिस्क दुसरीकडे ही मांडणी कागदावर नीटनेटकी दिसते खरी, पण या एका सोयीच्या बाबतीत ती मुळातच चुकीची आहे.

इतके केल्यावर व्हिडिओ आणि गाणी आपोआप येऊ लागली, पण फोटोंचा संग्रह तसाच मुका राहिला. या वेळी मात्र मी शहाणा होऊन आधी लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही उघडला. जेलीफिनचा लॉग या बाबतीत प्रामाणिक आहे. सर्व्हर सुरू होताना ज्या ज्या मार्गावर, म्हणजे फोल्डरच्या पत्त्यावर, पाळत बसवतो त्याची ‘वॉचिंग डिरेक्टरी’ अशी एकेक ओळ तो लिहितो, आणि पाळत बसवता आली नाही तर त्या मार्गाच्या नावानिशी त्रुटीही लिहितो. माझ्या लॉगमध्ये स्वच्छ लिहिले होते की आयनोटिफाय वॉचची ८१९२ ही मर्यादा संपली आहे. वर सांगितल्याप्रमाणे प्रत्येक उपफोल्डरला एक वॉच लागतो. संग्रहातले फोल्डर मोजून पाहिले तर ते साडेनऊ हजारांच्या वर निघाले, आणि त्यांतले बहुतेक दिवसागणिक फोटोंचे. अशी त्रुटी आली की सर्व्हर त्या मार्गावरची पाळत गुंडाळून ठेवतो. बाकीचे संग्रह चालू राहतात, त्यामुळे बिघाड अर्धवट दिसतो आणि अर्धवट बिघाड शोधणे जास्त जिकिरीचे असते.

या ८१९२ मागेही थोडा इतिहास आहे. कर्नलमध्ये हा आकडा वर्षानुवर्षे तोच होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या ५.११ या आवृत्तीपासून तो संगणकाच्या मेमरीच्या प्रमाणात आपोआप ठरू लागला. माझ्याकडे तेव्हा डेबियन ११ होते आणि त्याची कर्नल ५.१०, म्हणजे नेमकी एक पायरी आधीची. उपाय एका ओळीचा आहे: कर्नलच्या मर्यादा ठरवणाऱ्या सिसकंट्रोल फाईलीत मॅक्स यूजर वॉचेस हा आकडा वाढवायचा, दस्तऐवजात सुचवलेला आकडा ५२४२८८ आहे, आणि ती फाईल पुन्हा वाचायला लावायची. हा आकडा पाहून मेमरी संपेल अशी धास्ती बाळगण्याचे कारण नाही. चौसष्ट-बिटी कर्नलमध्ये एका वॉचला साधारण एक किलोबाइट लागतो आणि तो वॉच प्रत्यक्ष बसवला तरच लागतो, म्हणजे माझे साडेनऊ हजार वॉच दहा मेगाबाइटांच्या आसपास जागा खातात. जेलीफिन डॉकरमध्ये चालत असेल तर हा आकडा कंटेनरच्या आत बदलून उपयोग नाही, तो मूळ संगणकावर बदलावा लागतो. याच जातीची आणखी एक मर्यादा आहे ती इन्स्टन्सची, म्हणजे पाळतीसाठी कर्नलशी उघडलेल्या जोडण्यांची, नेहमीचा आकडा १२८, आणि एकाच वापरकर्त्याच्या नावावर पुष्कळ कंटेनर चालवणाऱ्यांना ती आधी आडवी येते. त्रुटीच्या ओळीत ‘वॉचेस’ लिहिले आहे की ‘इन्स्टन्सेस’, ते नीट वाचावे; मग वाढवायचा आकडा चुकत नाही.

तिसरी गोष्ट विजेची. आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते आणि येते, आणि डेस्कटॉप वीज आली की आपोआप सुरू होईल असा लावलेला आहे. जूनमध्ये अशाच एका रात्रीनंतर पाळत पुन्हा बंद पडली. या वेळी सगळ्याच संग्रहांवरची. लॉगमध्ये त्रुटी नव्हतीच. होती ती साध्या माहितीची ओळ, की अमुक मार्ग अस्तित्वात नसल्यामुळे त्यावरची पाळत वगळली आहे. बाहेरची यूएसबी डिस्क फिरायला लागून जोडली जाण्याआधीच जेलीफिन सुरू झाला होता. त्याला फोल्डर दिसले नाही, त्याने शांतपणे पुढचे काम घेतले, आणि काही सेकंदांनी डिस्क आली तेव्हा तिच्यावर पाळत बसवायला कोणी परत आले नाही. चित्रपट मात्र लागत होते, कारण फाईल वाचण्यासाठी पाळत लागत नाही. यात चूक माझीही होती. डिस्क नसली तरी संगणक अडून बसू नये म्हणून मी जोडणीच्या ओळीत नोफेल लिहिले होते, आणि नोफेल म्हणजेच ‘हिच्यासाठी थांबू नका’. लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या सिस्टिमडीमध्ये जेलीफिनच्या सेवेला एक पुरवणी जोडून, तिच्यात रिक्वायर्स-माउंट्स-फॉर या नावापुढे संग्रहाचा मार्ग लिहिला की ती डिस्क जोडली जाईपर्यंत सर्व्हर सुरूच होत नाही. ही एक ओळ मी आता प्रत्येकाला पहिल्याच दिवशी लिहायला सांगतो. सर्व्हरने मात्र इतकी महत्त्वाची बातमी लॉगमधल्या साध्या ओळीत न पुरता नियंत्रण-पटलावर दाखवायला हवी होती, असे मला राहून राहून वाटते.

परवानग्यांचा प्रश्न जुनाच आहे म्हणून थोडक्यात. जेलीफिन स्वतःच्या वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो. डेस्कटॉपवर लॉगिन करून डिस्क टोचली की ती मीडिया फोल्डरात आपल्या नावाच्या उपफोल्डराखाली जोडली जाते, आणि त्या उपफोल्डरात आपल्याखेरीज इतरांना शिरता येत नाही. मग आपल्याला सगळे दिसते आणि सर्व्हरला काहीच दिसत नाही. डिस्क कायमच्या वेगळ्या ठिकाणी जोडावी आणि वरपासून खालपर्यंत प्रत्येक फोल्डरावर सर्व्हरला वाचण्याची व शिरण्याची परवानगी असल्याची खात्री करावी. मधला एक फोल्डर बंद असला तरी खालचे सगळे बंद.

पाळत चालू झाली तरी फाईल क्षणात दिसत नाही, आणि ते योग्यच आहे. बदलाची चिठ्ठी आल्यावर जेलीफिन साठ सेकंद थांबतो, आणि तेवढ्यात दुसरी चिठ्ठी आली तर साठ सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजतो. यामुळे मोठी फाईल अर्धी उतरलेली असताना ती वाचण्याचा प्रसंग सहसा येत नाही. सहसा म्हणण्याचे कारण माझा फोन. वायफायच्या टोकाला असताना त्याची नक्कल मिनिट-दीड मिनिट अडकून पडते, तेवढ्यात सर्व्हर अर्धवट फाईल वाचून मोकळा होतो, आणि मग चाळीस मिनिटांच्या मुंजीची लांबी अकरा मिनिटे दाखवली जाते. थांबण्याचे सेकंद सर्व्हरच्या मांडणीच्या फाईलीत वाढवता येतात, पण मला दुसरा मार्ग जास्त पसंत आहे. फोनवरचे सगळे आधी त्याच डिस्कवरच्या, पण संग्रहाबाहेरच्या ‘आवक’ नावाच्या फोल्डरात येते, आणि पूर्ण उतरल्यावर एक छोटी स्क्रिप्ट ते संग्रहात सरकवते. एकाच डिस्कवर सरकवणे म्हणजे केवळ नावाची नोंद बदलणे, ते क्षणात होते, आणि कर्नलची चिठ्ठी पूर्ण फाईलीचीच जाते. आरसिंक हा फाईलींची नक्कल करणारा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांना ही काळजी कमी, कारण तो तात्पुरत्या नावाने लिहून शेवटी नाव बदलतो.

आता एक अडचण आपल्या लिपीची, जी इंग्रजीतल्या सूचना वाचून कधीच सापडली नसती. मी फोल्डरांची नावे हट्टाने मराठीत ठेवतो. लिनक्सच्या नेहमीच्या फाईल-सिस्टिमवर नावाची मर्यादा २५५ बाइट असते, आणि देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगवेगळे धरून, तीन बाइट घेते. एनक्रिप्ट केलेल्या काही फोल्डरांवर ही मर्यादा १४३ बाइटांवर येते. ‘आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शन सोहळ्याचे चित्रीकरण भाग पहिला’ हे नाव कोणालाही अवाजवी लांब वाटणार नाही, पण शेवटचे एमपीफोर धरून त्याचे बाइट १६२ होतात. नॅसवरच्या एनक्रिप्टेड फोल्डरात ही फाईल उतरलीच नव्हती, आणि मी आठवडाभर पाळतीला दोष देत होतो.

दुसरा घोळ ‘ऱ’चा. ‘दुसऱ्या वर्षाचे गॅदरिंग’ हा फोल्डर एकदा सर्व्हरवर दोनदा दिसू लागला, एक भरलेला आणि एक रिकामा, दोन्ही नावे अक्षरशः सारखी. युनिकोडमध्ये ‘ऱ’ दोन प्रकारे लिहिता येतो: एकसंध चिन्ह म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि खाली नुक्ता असा फोडून. माझ्या एका जुन्या लॅपटॉपच्या डिस्कवरची फाईल-सिस्टिम सगळी नावे फोडून साठवत असे, आणि लिनक्सच्या दृष्टीने फोडलेले व एकसंध ही दोन निराळी नावे. लॅपटॉपवरून प्रत घेताना आरसिंकला नावांची लेखनपद्धत बदलायला सांगितली की प्रश्न मिटतो. पाळतीने यात तसे पाहिले तर आपले काम चोख केले होते. तिला दोन फोल्डर दिसले आणि तिने दोन मांडले.

पाळत सुरळीत झाल्यावर ठरल्या वेळची तपासणी बंद करावी का, असे मला विचारले जाते. करू नये. कर्नलच्या चिठ्ठ्यांची रांगही मर्यादित असते, नेहमीचा आकडा १६३८४, आणि एखाद्या लग्नाचे हजारो फोटो एकदम ओतले की काही चिठ्ठ्या हरवू शकतात. त्या फेरीत सापडतात. ज्यांना सर्व्हर आणि डिस्क वेगळ्या ठेवण्यावाचून गत्यंतर नाही, त्यांनी तर याच तपासणीवर भिस्त ठेवावी आणि १२ तासांचा अवधी दोन-तीन तासांवर आणावा. मोठ्या संग्रहावर दर पाच मिनिटांनी तपासणी लावणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या डिस्क कधी झोपत नाहीत आणि वीजबिल वाढते. त्यापेक्षा जेलीफिनची एपीआय किल्ली (दुसऱ्या प्रोग्रॅमला सर्व्हरशी बोलू देणारी परवानगी) तयार करून, नॅसवर नक्कल संपताच एका ओळीच्या आज्ञेने सर्व्हरला ‘आता तपास’ असे सांगणे कितीतरी चांगले. हा मार्ग नियंत्रण-पटलावरून पाच मिनिटांत तयार होतो, आणि माझ्या मते पाळतीच्या चौकटीखालीच त्याची ओळख करून द्यायला हवी.

गुण द्यायचेच तर या सोयीला मी पाचांपैकी साडेतीन देईन. कापलेला दीड गुण पाळतीच्या कामासाठी नाही, कारण योग्य मांडणीत तिने मला गेल्या आठ महिन्यांत एकदाही दगा दिलेला नाही. तो कापला आहे ती सोय जिथे चालू शकत नाही तिथेही चौकटीतली खूण तितक्याच ठळकपणे दिसते म्हणून. ज्या मार्गावर पाळत बसली नाही त्या मार्गासमोर एक लाल ठिपका दाखवला असता तरी माझे तीन महिने वाचले असते.

सध्याची मांडणी अशी आहे: डेबियन १२, डिस्क थेट जोडलेल्या, सेवेला माउंटची अट, सांबा डेस्कटॉपवरून, आवक फोल्डर, आणि तपासणी दर सहा तासांनी. परवा आईने गावाहून पाठवलेला हरितालिकेच्या पूजेचा व्हिडिओ मी आवक फोल्डरात टाकला आणि घड्याळ लावून बसलो. तो टीव्हीवर सव्वा मिनिटात आला.